पंचगंगेच्या ताळेबंदात बाष्पोत्सर्जन उणे कसं येतं? (जरा लांबलचक उत्तर)

ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विचारणारे सिव्हिलला एम.टेक. करतायत, प्रोजेक्टला पंचगंगा खोऱ्याचा पाण्याचा ताळेबंद घेतलाय. दरवर्षीच्या पावसातून नदीनं वाहून नेलेलं पाणी वजा केलं आणि उरलं ते बाष्पोत्सर्जन असं धरलं, तर एका वर्षी उत्तर दोन हजार मिलिमीटरच्या वर आलं आणि एका वर्षी चक्क उणे. गाईड म्हणतात पॅनचा (उघड्या पात्रातून रोज किती पाणी उडतं ते मोजायचं साधन) आकडा घाल आणि विषय संपव. शेवटी एका ओळीत त्यांनी खरा प्रश्न विचारलाय की पाऊस एवढा वरखाली होतो, मग खोरं हवेत किती सोडायचं आणि पोटात किती ठेवायचं हे ठरवतं कसं?

मी याच धंद्यात आहे, कोल्हापूर-सांगली भागातल्या खोऱ्यांचे ताळेबंद मांडणं हे रोजचं काम, त्यामुळं जरा लांबड लागणार आहे, चहा घेऊन बसा. बाष्पोत्सर्जन म्हणजे जमिनीवरून उडालेलं आणि झाडापिकांनी पानांतून सोडलेलं असं दोन्ही मिळून, पुढं त्याला नुसतं ईटी म्हणतो.

आधी एक स्पष्ट करतो. तुमचा प्रश्न ईटीचा दिसतोय पण दुखणं साठ्याचं आहे, आणि त्याच्याही आधी पावसाच्या आकड्याचं. पाऊस बरोबर ईटी अधिक नदीतून गेलेलं अधिक साठ्यातला फरक, हे समीकरण सगळ्यांना पाठ असतं. तुम्ही त्यातला साठ्यातला फरक शून्य धरला. ते दहा वर्षांच्या बेरजेला चालतं, एकेका वर्षाला चालत नाही. पण नुसत्या साठ्यानं ईटी उणे येत नाही हो, तिथं पाऊस किंवा नदी यातलं काहीतरी एक चुकीचं मोजलेलं असतं, आणि आपल्याकडं बहुतेक वेळा दोन्ही.

पावसाचं बघा. गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो, कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास आणि शिरोळला पाचशेच्या आसपास. शंभरेक किलोमीटरच्या आत एवढा उतार. आता पर्जन्यमापक कुठं असतात तर तालुक्याच्या गावी, सर्कलला, म्हणजे जिथं माणूस जाऊन वाचू शकतो तिथं. घाटमाथ्याच्या ऐन धारेवर, जिथं सगळ्यात जास्त ओततो, तिथं मापकं विरळ आणि वारं एवढं की थेंब मापकात पडायच्या ऐवजी आडवेच निघून जातात. तुम्ही सगळ्या स्टेशनांची सरळ सरासरी काढली असेल तर पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांचं वजन वाढतं आणि खोऱ्याचा पाऊस कमी दिसतो. आणि हवामान खात्याचा पाव अंशाचा ग्रिड डेटा घेतला असेल तर त्यातला एक चौकोन साधारण सत्तावीस किलोमीटरचा, आपला धुवांधार पट्टा त्याच्यापेक्षाही अरुंद, तो त्या चौकोनात पातळ होऊन जातो. समपर्जन्य रेषा, म्हणजे सारख्या पावसाची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, हातानं काढून बघा, उंची लक्षात घेऊन. जुनी पद्धत आहे पण घाटात तीच कामाची.

नदीचं. कोल्हापूरकर पावसाळ्यात रोज सकाळी राजाराम बंधाऱ्याची फूट बघतो, ३९ ला इशारा, ४३ ला धोका, २०१९ ला आणि २०२१ ला तर ५५ च्या वर गेलेली. पण फूट म्हणजे उंची, प्रवाह नव्हे. उंचीवरून क्युसेक काढायला जो वक्र लागतो तो शांत नदीत मोजमाप करून बनवलेला असतो आणि महापुरात तो नुसता वर ताणलेला असतो, कारण त्या पाण्यात होडी घालून वेग मोजायला कोण जाणार. त्यात आपल्या नदीची आणखी एक खोड. खाली नृसिंहवाडीला कृष्णा तुंब भरून वाहत असली की पंचगंगेला पुढं जायला वाट मिळत नाही, पाणी मागं थांबतं, पातळी वाढते आणि प्रवाह उलट मंदावतो. तुम्ही त्या पातळीवरून वक्र वाचला की प्रवाह फुगून येतो. पुराच्या पंधरा-वीस दिवसांतच वर्षाच्या पाण्याचा मोठा हिस्सा जात असल्यानं ही एक चूक अख्ख्या वर्षाचं गणित फिरवते. (कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाचा विषय मी इथं मुद्दाम काढत नाहीये, तो निघाला की मूळ प्रश्न कुणाला आठवत नाही.) तुमचं उणे आलेलं वर्ष पुराचं आहे का ते बघा, मी पैज लावायला तयार आहे.

चुका कशा साचतात ते एकदा आकड्यात बघा, नमुन्यादाखल. खोऱ्याचा पाऊस २५०० धरा, नदी १५००, म्हणजे ईटी १०००. पावसात दहा टक्के अनिश्चितता म्हणजे २५०, नदीत दहा टक्के म्हणजे १५०. दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं, साधारण २९० येतं. दोन्हीकडं दहा-दहा टक्के आणि ईटीवर जवळजवळ तीस टक्के! आणि घाटातल्या पावसाला दहा टक्के म्हणजे मी फार उदार झालोय. म्हणून उरलेली वजाबाकी म्हणजे ईटी हे ओल्या खोऱ्यात कधीच करायचं नाही, दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीत सगळा कचरा छोट्या आकड्यावर येऊन पडतो.

आता साठा. खोऱ्यात पाणी ठेवायच्या जागा मुख्य चार. मातीतली ओल, खडकातलं भूजल, धरणं, आणि बंधारे-तलाव-नदीपात्र. लोकांना धरण दिसतं म्हणून ते मोठं वाटतं, पण सगळं मिलिमीटरमध्ये आणून बघा, कारण पाऊस आणि ईटी मिलिमीटरमध्येच बोलतात. पंचगंगेतली नेहमीची चार धरणं धरू, राधानगरी ८.३६ टीएमसी, तुळशी ३.४७, कासारी २.७७, कुंभी २.७१, बेरीज १७.३१. एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर, तर हे झाले साधारण ४९ कोटी घनमीटर. खोरं कुठल्या बिंदूपर्यंत मोजता त्यावर दोन ते अडीच हजार चौरस किलोमीटर धरलं तर अख्ख्या खोऱ्यावर पसरून हे पाणी २०० ते २४५ मिलिमीटर भरतं. बास एवढंच. गगनबावड्याला चांगल्या झडीत एवढं दोन दिवसांत पडतं.

उलट मातीचं बघा. अडीच हजार चौरस किलोमीटरच्या मातीत सरासरी ९५ मिलिमीटर ओल धरली गेली तर ते एक अख्खं राधानगरी धरण होतं. खोल काळी जमीन मीटरभर खोलीत दीडशे-दोनशे मिलिमीटर पिकाला मिळेल असं पाणी धरते, पन्हाळ्याकडच्या मुरमाड उतारावर त्याच्या अर्धंही नाही, आणि मसाई पठारासारख्या जांभ्याच्या सड्यावर तर मातीच वीतभर, ऑगस्टमध्ये फुलांनी भरलेला सडा डिसेंबरात वाळून कोळ. भूजलाचं म्हणाल तर आपला बेसाल्ट फार कंजूष आहे, पाणी सुटण्याचं प्रमाण एक ते तीन टक्के. विहिरीची पातळी चार मीटर वर आली की लोक खूश होतात पण दोन टक्क्यानं हिशेब केला तर वाढ फक्त ८० मिलिमीटरची.

म्हणजे सगळ्या जागा मिळून खोऱ्याच्या पोटात चार-पाचशे मिलिमीटर मावतं असं ढोबळमानानं म्हणू, आणि वरून पडणारा पाऊस त्याच्या कितीतरी पट. ही गोष्ट नीट डोक्यात बसली की तुमच्या शेवटच्या ओळीतल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं. राधानगरी जुलैअखेरीला-ऑगस्टमध्ये भरतं, स्वयंचलित दरवाजे उघडतात, आणि त्यानंतर वर कितीही पडो तो पाऊस पुढच्या एप्रिलच्या ईटीच्या काही कामाचा नसतो. तरणा पाऊस झोडपून गेला, म्हातारा पण लागला, सगळी जागा भरली, आता मघा कितीही बरसू दे. म्हणून एकूण पाऊस विचारू नका, जागा शिल्लक असताना किती पडला ते विचारा.

इथं थिअरीकडं जरा वळतो कारण तुम्ही प्रोजेक्ट लिहिताय आणि परीक्षक विचारणार. बुडिको नावाचा रशियन हवामानशास्त्रज्ञ होऊन गेला, त्याचं म्हणणं असं की लांब मुदतीच्या सरासरीत ईटीला दोनच लगाम असतात, एक पाणी आणि दुसरा ऊर्जा. पाऊस पडला त्यापेक्षा जास्त उडू शकत नाही आणि सूर्यानं दिलेल्या ताकदीपेक्षाही जास्त उडू शकत नाही, प्रत्यक्ष आकडा या दोन्हींच्या खाली एका वक्रावर बसतो. फू यांचं सूत्र त्याच वक्राचं, त्यात एक पॅरामीटर असतो जो साधारण २.६ घेतात. वातावरणाची वर्षाची मागणी (पाणी कमी पडलं नसतं तर जेवढं उडालं असतं ते) आपल्याकडं १६०० मिलिमीटर धरून मी तीन ठिकाणं काढून बघितली. ६०० पाऊस असेल तिथं ईटी ५५० च्या आसपास आणि नदीला जेमतेम ४७. १००० पावसाला ईटी ८३०, नदीला १७०. आणि ५००० पावसाला ईटी १५००, नदीला ३५००.

शेवटचा आकडा बघून शंका यायला पाहिजे. घाटात खरंच १५०० उडतं का? नाही उडत, प्रत्यक्षात बऱ्यापैकी खालीच असतं. कारण हा वक्र वर्षाची बेरीज बघतो, तारखा बघत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ढग, धुकं, दमट हवा, मागणी दिवसाला अडीच-तीन मिलिमीटर, आणि पाऊस कधी कधी दिवसाला शंभर. एप्रिल-मेमध्ये मागणी सहा-सात आणि पाऊस शून्य, वळीव पडला तर पडला. पगार चार महिन्यांत आणि खर्च बारा महिने, मधे ठेवायला डबा लहान, असा हा संसार आहे. पाऊस आणि मागणी एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसलेत तिथं मातीचा साठा किती आहे यावरच ईटी ठरते, हे मिली नावाच्या शास्त्रज्ञानं १९९४ मध्ये फार सुंदर मांडलंय, मिळाला तर तो पेपर वाचाच.

वर्षाऐवजी महिना-महिना चालवून बघा म्हणजे डोळ्यांनी दिसेल. थॉर्नथ्वेट-मॅथर ची हिशेबाची पद्धत घ्या, माती वाळत जाईल तसं ती पाणी कमी-कमी सोडते असं धरणारी, एक्सेलमध्ये अर्ध्या तासात होते. मी नमुन्याला करवीर-पन्हाळ्यासारखी जागा घेतो, पाणी न दिलेली जमीन, मातीत १५० मिलिमीटर मावतं, सप्टेंबरअखेर काठोकाठ. ऑक्टोबरात मागणी १३०, परतीचा पाऊस १००, प्रत्यक्ष ईटी १२७, सगळं आनंदात, शेतात वाफसा छान. नोव्हेंबरात मागणी ११५, पाऊस २५, ईटी ८०. डिसेंबरात मागणी ११०, पाऊस ५ आणि ईटी ३९. जानेवारीत मागणी ११५, ईटी १८. फेब्रुवारीत मागणी १२५ आणि मिळतात ९. पाच महिन्यांत वातावरणानं मागितलं ५९५ आणि जमिनीनं दिलं २७३. मार्च ते मे तर विचारूच नका, मागणी पाचशेच्या वर आणि माती कोरडी ठणठणीत.

आता त्याच गणितात मातीची क्षमता ३०० करा, म्हणजे खोल काळी. तीच मागणी, तोच पाऊस, पण फेब्रुवारीपर्यंत ईटी ३६६ येते. पाऊस एक थेंबसुद्धा न वाढता ९३ मिलिमीटर जास्त हवेत गेलं, आणि तेवढं नदीला कमी गेलं. खोरं ठरवतं कसं या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. कोण बसून ठरवत नाही, ज्या दिवशी पाऊस पडला त्या दिवशी डबा किती रिकामा होता आणि नंतर किती दिवस मागणी चालली, एवढ्यावर ते ठरतं. जंगलाची मुळं खोल जातात म्हणून दाजीपूरकडची सदाहरित झाडं मार्चमध्येही हिरवीगार असतात, शेजारचं गवत नोव्हेंबरात पिवळं. पाऊस दोघांना एकच.

बरं, हे सगळं नैसर्गिक खोऱ्याचं झालं. पंचगंगा नैसर्गिक राहिलीय कुठं? आणि इथं मला माझं मत सांगायचंय, पटलं तर घ्या. आपल्याकडं डबा माणसानं बांधला आणि त्याला ऊस जोडला. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राधानगरीचं काम काढलं, मग कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आले, मग नदीकाठानं सहकारी पाणीपुरवठा संस्थांच्या मोटारी. ऊस वर्षभर शेतात उभा, आडसाली असेल तर दीड वर्ष, ऊस गेला की खोडवा. एप्रिल-मेमध्ये संदर्भ पिकाची (तुलनेसाठी धरलेलं, पाणी कमी न पडलेलं आखूड गवत) मागणी दिवसाला सहा मिलिमीटर धरली तर वाढीच्या भरातल्या उसाला त्याच्या सव्वा पटीपर्यंत, म्हणजे सात धरा. एकरी सात मिलिमीटर म्हणजे रोज अठ्ठावीस हजार लिटर. नुसतं पानांतून आणि सरीतून हवेत जाणारं, पाटात मुरलेलं वेगळं. घरासमोरचा हजार लिटरचा टँक डोळ्यापुढं आणा आणि असे अठ्ठावीस टँक एका एकराला, रोज.

त्यामुळं राधानगरीच्या पाणलोटात जुलैमध्ये पडलेला पाऊस एप्रिलमध्ये शिरोळ-हातकणंगल्याकडच्या उसाच्या पानातून हवेत जातो. शिरोळमध्ये ईटी भागिले पाऊस काढलं तर उत्तर एकच्या वर येऊ शकतं आणि ते बुडिकोच्या मर्यादेबाहेर दिसतं. घाबरू नका, चूक नाही ती, ते पाणी वरून नदीतून आलेलं आहे. अख्खं खोरं एक धरून काम केलं की हे दिसत नाही, म्हणून खोऱ्याचे निदान तीन तुकडे करा, घाटमाथा, मधला डोंगर-दरीचा पट्टा आणि पूर्वेचं सपाट रान. तीन ठिकाणी तीन वेगळे नियम चालू आहेत.

पाऊस कमी झाला तर काय होतं हे पण या तुकड्यांत वेगवेगळं आहे, आणि अनिश्चितता जी म्हणता ती इथं येते. मघाच्याच सूत्रात घाटातला पाऊस वीस टक्क्यांनी कमी करून ४००० करा. ईटी १५०० वरून १४६० ला येते, म्हणजे हललीच नाही म्हणा, हजार मिलिमीटरची तूट जवळजवळ सगळी नदीनं सोसली, ती ३५०० वरून २५४० वर, सत्तावीस टक्के खाली. पूर्वेला ६०० चे ४८० करा. तिथं ईटी पण पडते, ५५३ वरून ४५४, आणि नदी ४७ वरून २६ वर, चव्वेचाळीस टक्के गायब. पाऊस वीस टक्के कमी म्हणजे नदी पण वीस टक्के कमी असं समजणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं.

आता त्यात ऊस घाला. पूर्वेची जी ईटी पावसाबरोबर खाली यायला पाहिजे होती ती उसामुळं खाली येत नाही, उलट कमी पावसाच्या वर्षी ढग कमी, ऊन जास्त, मागणी वाढते आणि मोटारी लवकर सुरू होतात. २०२३ चा ऑगस्ट आठवा, देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो. अशी लांब उघडीप पडली की ऐन पावसाळ्यात उसाला पाळी द्यायला लागते, म्हणजे डबा भरायच्या दिवसांतच उपसा चालू. वर्षाची ईटी मोजली तर फार काही फरक दिसत नाही, पिकं हिरवी, उपग्रहाच्या चित्रात सगळं छान. फरक दिसतो धरणाच्या साठ्यात आणि फेब्रुवारी-मार्चच्या नदीत. मग पाटबंधारेवाले उपसाबंदी लावतात आणि गावागावात वाद सुरू होतात. म्हणून माझं म्हणणं आहे की आपल्या खोऱ्यात ईटी हा हट्टी आकडा झालाय, पावसाची सगळी लहर साठ्यानं आणि नदीनं झेलायची. पावसाची अनिश्चितता तुम्हाला ईटीच्या आलेखात शोधून सापडणार नाही, ३१ मे च्या धरणसाठ्यात सापडेल.

बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या काढता-घालता येणाऱ्या फळ्या, हे याचंच छोटं रूप. पावसाळ्याआधी बरगे काढायचे म्हणजे पूर आणि गाळ निघून जातो, पाऊस संपला की घालायचे. पण पाऊस संपला हे कुणी सांगायचं? लवकर घातले आणि हस्ताचा पाऊस आला की पाणी काठावरच्या रानात घुसतं, उशीर केला आणि पाऊस रुसला की शेवटचं पाणी कृष्णेला मिळालेलं. धरणात पण तेच, ऑगस्टमध्ये पुरासाठी जागा रिकामी ठेवायची की उन्हाळ्यासाठी भरून घ्यायची. याला एकच बरोबर उत्तर नाही, त्या वर्षी पुढं काय पाऊस होतो त्यावर निर्णय शहाणपणाचा होता की नाही ते ठरतं, आणि शिव्या दोन्ही बाजूंनी ठरलेल्या. वरच्या पातळीवर हाच वाद विश्वासार्हतेच्या टक्क्यांत मांडला जातो. बच्छावत लवादानं कृष्णेचं पाणी वाटताना ७५ टक्के विश्वासार्हतेचं धरलं, म्हणजे चारातली तीन वर्षं मिळेल एवढं, २०६० टीएमसी. पुढच्या लवादानं ६५ टक्के घेतलं. टक्का खाली आणला की वाटायला पाणी जास्त दिसतं आणि तुटीची वर्षंही जास्त येतात, मग ती झेलायला जादा साठा लागतो. तुमच्या प्रोजेक्टला ही चौकट फार उपयोगी पडेल, एक सरासरी देण्यापेक्षा वर्षं उतरत्या क्रमानं लावून ७५ टक्क्यांचं वर्ष कुठलं आणि त्यात साठा किती उरला ते दाखवा.

आता करायचं काय ते सांगतो. जलवर्ष जून ते मे घ्या, जानेवारी-डिसेंबर अजिबात नको. ३१ डिसेंबरला डबे अर्धे भरलेले असतात आणि दरवर्षी वेगळे, ३१ मे ला सगळं तळाला गेलेलं असतं म्हणून साठ्यातला फरक लहान राहतो. तुमच्या २००० च्या ईटीत याचाही वाटा आहे असा माझा संशय आहे. अर्थात हे गृहीतक पण कधीतरी मोडतं, २०२५ ला मे मध्येच धो धो कोसळला आणि २६ मे ला तर मान्सून मुंबईत दाखल झाला, त्या वर्षी ३१ मे ला माती कोरडी धरलीत तर फसाल. धरणसाठ्याचे रोजचे आकडे पाटबंधारेकडून मिळतात, ते थेट घाला, त्यात अंदाज करायचं कारण नाही. भूजलासाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत, पावसाळ्याआधीची आणि नंतरची पातळी घेऊन दोन टक्क्यानं गुणा, आणि एक टक्का व तीन टक्के धरून पण काढा म्हणजे फरक किती पडतो ते कळेल. शहराला आता काळम्मावाडीहून थेट पाइपलाइननं दूधगंगेचं पाणी येतं, ते दुसऱ्या खोऱ्यातलं आहे, आवक म्हणून धरा, कारण वापरून झाल्यावर ते पंचगंगेतच उतरतं आणि तुमच्या गेजवर (नदीची पातळी मोजायच्या ठिकाणी) दिसतं.

ईटी स्वतंत्र काढा, वजाबाकीतून नको. पेनमन-मॉन्टिथ नं (ऊन, वारा, तापमान, दमटपणा यांवरून काढायचं सूत्र) संदर्भ ईटी, त्याला पीक गुणांक, म्हणजे संदर्भाच्या किती पट ते पीक सोडतं तो आकडा, आणि पाणी न दिलेल्या जमिनीला वरचा महिन्याचा मातीचा हिशेब. गाईडसाहेबांचा पॅन वाईट नाही पण पॅन सांगतो उघड्या पाण्यातून किती उडालं असतं. मे महिन्यात शिरोळच्या पॅनमधून दिवसाला आठ-नऊ मिलिमीटर उडेल आणि शेजारच्या पडीक माळावरून जवळजवळ काहीच नाही, दोन्हीला एकच आकडा लावून कसं चालेल. पॅनला सातदशांशच्या आसपासचा गुणांक लावून तुमच्या पेनमनच्या आकड्याची पडताळणी करा, तेवढ्यापुरता तो कामाचा, आणि गाईडपण नाराज होणार नाहीत. मोडिस या उपग्रहावरच्या यंत्राचा ईटी डेटा फुकट मिळतो, पावसाळ्यात ढगांमुळं त्याच्यावर फार विसंबू नका पण नोव्हेंबर ते मे बघायला चांगला आहे, ऊस कुठं आणि माळ कुठं लख्ख कळतं. कुणीतरी ग्रेस उपग्रह सुचवेल, गुरुत्वाकर्षणावरून साठा मोजणारा. अख्ख्या कृष्णा खोऱ्याला ठीक आहे, पण त्याची नजर तीनेकशे किलोमीटरची, पंचगंगा त्याला ठिपका पण दिसत नाही.

मग चारही बाजू स्वतंत्र मोजून झाल्या की बेरीज करा, जुळणार नाही, आणि जे जुळत नाही ते लपवू नका. ती शिल्लक एका वेगळ्या रकान्यात वर्षवार लिहा आणि पावसाच्या, पुराच्या दिवसांच्या शेजारी ठेवून बघा. पुराच्या वर्षी ती एका बाजूला आणि कोरड्या वर्षी दुसऱ्या बाजूला जात असेल तर दोष कुठल्या मोजमापात आहे ते तुम्हाला तिथंच सापडतं. बऱ्याचदा प्रोजेक्टमधला सगळ्यात कामाचा रकाना तोच असतो, आणि विद्यार्थी नेमका तोच ईटीत ढकलून मोकळे होतात.

एवढं सगळं कुठल्या गेजपर्यंतचं खोरं घेतलंय त्यावर अवलंबून आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तेरवाडपर्यंत घेतलं असेल तर कृष्णेच्या फुगीचा त्रास जास्त, राजारामपर्यंत घेतलं तर कमी पण पूर्वेचा ऊस बाहेर राहतो. गेज कुठलं, पाऊस कुठल्या स्टेशनांचा आणि उणे आलेलं वर्ष कुठलं, हे तीन टाका इथंच. रोजची पातळी असेल तर ती पण चालेल, पुराच्या दिवसांचा वक्र मी बघून सांगतो, पण गुरुवारनंतर, तोवर साइटवर आहे.